खाणीतली धोक्याची घंटा आणि युनियनची मतपेटी

आजच्या भागाचं हे लिखित रूप. ज्यांना बसमध्ये, लोकलमध्ये ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी.

सुरुवातीला एक साधा प्रश्न. तुमच्या सोसायटीत लिफ्टशेजारी नोटीस लागते, "कार्यकारिणीची निवडणूक अमुक तारखेला". शेवटची कधी वाचली होती? मी तर सरळ लिफ्टचं बटण दाबतो. कारखान्यात, डेपोत, बँकेत युनियनच्या नोटिशीचं तेच होतं. फळ्यावर दोन कागद शेजारी शेजारी असतात. एकावर लिहिलेलं असतं, हेल्मेट घाला, मशीन बंद करूनच हात घाला. दुसऱ्यावर असतं, पदाधिकाऱ्यांची निवडणूक, अर्ज भरायची शेवटची तारीख. आपल्याला वाटतं, पहिला कागद जिवाचा आणि दुसरा राजकारणाचा.

आजची गोष्ट त्या दोन कागदांची आहे. ते एकमेकांपासून तुटले की काय होतं, याची. त्यासाठी आपल्याला अमेरिकेत जायचंय, वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, कोळशाच्या खाणींच्या मुलखात.

पहाटे साडेपाच

२० नोव्हेंबर १९६८. फार्मिंग्टन नावाच्या छोट्या गावाजवळची 'नंबर ९' खाण. रात्रपाळीचे ९९ कामगार जमिनीखाली होते. पहाटे साडेपाचच्या सुमारास स्फोट झाला. २१ जण जिवंत बाहेर आले. ७८ जण आले नाहीत.

आत आग धुमसत होती, पुन्हा पुन्हा स्फोट होत होते. दहा दिवसांनी, ३० नोव्हेंबरला, खाणीची तोंडं बंद करण्यात आली. हवा तोडली की आग विझते. पण आत माणसं होती, आणि वर त्यांच्या बायका, आया, मुलं उभी होती. पुढे खाण उघडून मृतदेह शोधायचं काम वर्षानुवर्षं चाललं. तरी १९ जण कधीच सापडले नाहीत.

आता थोडं विज्ञान. कोळशाच्या थरात मिथेन वायू असतो. खोदकाम झालं की तो सुटतो. हवेत साधारण ५ ते १५ टक्के मिथेन झाला की एक ठिणगी पुरते. त्यात कोळशाची भुकटी हवेत उडाली की छोट्या स्फोटाचा मोठा व्हायला वेळ लागत नाही. उपाय जुनेच आहेत आणि सगळ्यांना माहीत आहेत. मोठाले पंखे लावून हवा खेळती ठेवायची, आणि भिंतींवर चुनखडीची पूड मारायची म्हणजे भुकटी पेट घेत नाही. पंखा बंद पडला तर घंटा वाजली पाहिजे आणि खाणीतली वीज तुटली पाहिजे.

नंबर ९ मधल्या एका पंख्याची ही घंटा कुणीतरी तारा फिरवून निकामी केली होती. १९७० मध्ये एका सरकारी खाण निरीक्षकाने आपल्या टिपणात तसं लिहून ठेवलं होतं. पंखा थांबला तरी कुणाला कळायला मार्गच नव्हता. हे टिपण मृतांच्या घरच्यांच्या हाती लागायला कित्येक दशकं गेली.

ही निकामी केलेली घंटा लक्षात ठेवा. तिच्याकडे परत यायचंय.

अध्यक्ष आले आणि कंपनीचं कौतुक करून गेले

खाणकामगारांची युनियन होती 'युनायटेड माइन वर्कर्स'. साधीसुधी नाही. जॉन एल. लुईस या दांडग्या नेत्याने १९२० ते १९६० अशी चाळीस वर्षं ती चालवली होती. पेन्शन, दवाखाने, पगारवाढ, खूप काही मिळवून दिलं. पण जाताना मागे ठेवली ती एकखांबी व्यवस्था. युनियनच्या बहुतेक जिल्हा शाखांचे पदाधिकारी कामगार निवडत नव्हते. ते वरून नेमले जात.

१९६८ साली अध्यक्ष होता टोनी बॉइल. स्फोटानंतर तो फार्मिंग्टनला आला. सगळ्यांना वाटलं, आता हा कंपनीला धारेवर धरणार. तो म्हणाला ते असं, की कोळसा काढायचा म्हणजे धोका असणारच, आणि सहकार्य आणि सुरक्षेच्या बाबतीत ही कंपनी चांगल्यांपैकी आहे.

विचार करा. आत ७८ माणसं अडकलेली, आणि त्यांच्या वर्गणीवर पगार घेणारा माणूस मालकाला चांगुलपणाचा दाखला देतोय.

कामगारांनी मग स्वतःच हालचाल केली. फेब्रुवारी १९६९ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात सुमारे ४० हजार खाणकामगार संपावर गेले. युनियनने हाक दिली नव्हती, तरी गेले. मागणी पगाराची नव्हती, श्वासाची होती. कोळशाच्या धुळीने फुफ्फुसं काळी पडून कडक होतात, त्या आजाराला तिथे 'ब्लॅक लंग' म्हणतात. चार पायऱ्या चढल्या की माणूस धापा टाकतो. हा कामामुळे झालेला आजार आहे, भरपाई द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मार्चमध्ये राज्याने कायदा केला. या सगळ्यात युनियनचं मुख्यालय लांब उभं राहून बघत होतं.

एक माणूस अर्ज भरतो

२९ मे १९६९ रोजी जोसेफ याब्लॉन्स्की यांनी जाहीर केलं, मी बॉइलच्या विरोधात अध्यक्षपदाची निवडणूक लढवणार. सगळे त्यांना 'जॉक' म्हणत. पंधराव्या वर्षी खाणीत उतरलेला माणूस, वडील खाणीतल्या अपघातात गेलेले. ते काही बाहेरचे बंडखोर नव्हते. कित्येक वर्षं याच युनियनचे पदाधिकारी होते, बॉइलसोबत बसले-उठलेले. उशिरा का होईना, बोलले. सुरक्षा हा त्यांच्या प्रचाराचा मुख्य मुद्दा होता, आणि त्याच्या जोडीला जिल्हा शाखांचे पदाधिकारी कामगारांनी निवडावेत ही मागणी.

आता त्या निवडणुकीच्या कागदाकडे येऊ.

अमेरिकेत १९५९ साली लँड्रम-ग्रिफिन नावाचा कायदा झाला होता, युनियनच्या आतल्या लोकशाहीसाठी. त्यात काय आहे? गुप्त मतदान. राष्ट्रीय पातळीवर किमान पाच वर्षांतून एकदा आणि स्थानिक शाखेत किमान तीन वर्षांतून एकदा निवडणूक. मतदानाच्या किमान १५ दिवस आधी प्रत्येक सभासदाच्या घरच्या पत्त्यावर टपालाने नोटीस. उमेदवाराने खर्च दिला तर त्याचं प्रचारपत्रक युनियनने सभासदांना पाठवायचं. आणि गडबड झाली तर कामगार खात्याकडे तक्रार.

कागदावर सगळं चोख. प्रत्यक्षात काय झालं? युनियनच्या मुखपत्रात बॉइलच बॉइल, याब्लॉन्स्की जणू अस्तित्वातच नाहीत. त्यांची पत्रकं पाठवायला युनियन तयार नव्हती, कोर्टात जावं लागलं. गरजेपेक्षा कितीतरी जास्त मतपत्रिका छापल्या गेल्या. ऐन निवडणुकीच्या हंगामात पेन्शन महिना ११५ डॉलरवरून १५० डॉलर झाली. कितीतरी शाखांमध्ये फक्त निवृत्त कामगारच उरले होते. नियमाने त्या शाखा बंद व्हायला हव्या होत्या, पण त्यांची मतं हवी होती म्हणून चालू ठेवल्या. इलिनॉय राज्यात स्प्रिंगफिल्डच्या एका सभेनंतर याब्लॉन्स्कींना मागून मानेवर तडाखा बसला, ते बेशुद्ध पडले. तरी थांबले नाहीत.

९ डिसेंबर १९६९ला मतदान झालं. बॉइलला सुमारे ८० हजार, याब्लॉन्स्कींना सुमारे ४६ हजार. त्यांनी निकाल मानला नाही, कामगार खात्याकडे चौकशी मागितली.

दोन दिवस, दोन बातम्या

आता दोन तारखा शेजारी ठेवून बघा.

३० डिसेंबर १९६९. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी कोळसा खाण आरोग्य व सुरक्षा कायद्यावर सही केली. फार्मिंग्टनच्या ७८ जणांनी आणि ब्लॅक लंगच्या संपाने घडवलेला कायदा. भूमिगत खाणीची वर्षातून किमान चार वेळा पूर्ण तपासणी. धुळीला मर्यादा. ब्लॅक लंग झालेल्यांना सरकारी मदत. आणि महत्त्वाचं, कामगारांच्या प्रतिनिधीला धोका दिसला तर तपासणी मागण्याचा हक्क.

३१ डिसेंबर १९६९. दुसऱ्याच दिवशी, रात्री, पेन्सिल्व्हेनियातल्या क्लार्क्सव्हिलमध्ये तीन मारेकरी याब्लॉन्स्कींच्या घरात शिरले. जॉक, त्यांची पत्नी मार्गारेट आणि २५ वर्षांची मुलगी शार्लट, तिघांना झोपेत गोळ्या घातल्या. मृतदेह पाच दिवसांनी मुलाला सापडले.

पैसा कुठून आला? युनियनच्याच तिजोरीतून. २० हजार डॉलर. हिशोबात दाखवली 'संशोधन आणि माहिती समिती'. अशी समिती नव्हतीच. निवृत्त कामगारांच्या नावाने चेक काढले, त्यांच्याकडून रोख परत घेतली आणि ती मारेकऱ्यांपर्यंत पोचवली. म्हणजे सभासदांनी घाम गाळून भरलेल्या वर्गणीतून सभासदांच्याच उमेदवाराची सुपारी दिली गेली. धागा एकेक करत वरपर्यंत गेला. १९७४ मध्ये बॉइल दोषी ठरला. ती शिक्षा अपिलात रद्द झाली, पण १९७८ च्या फेरखटल्यात तो पुन्हा दोषी ठरला. १९८५ मध्ये कैदेतच मेला.

एक प्रश्न मला सोडत नाही. सुरक्षेचा इतका चांगला कायदा आदल्याच दिवशी झाला होता ना? मग मारणाऱ्यांना भीती कशाची होती? कायद्याची नव्हती, मतमोजणीच्या चौकशीची होती. कायदा म्हणतो, कामगारांचा प्रतिनिधी तपासणी मागू शकतो. पण तो प्रतिनिधी कुणाचा माणूस आहे? कामगारांनी निवडलेला, की वरून नेमलेला? नेमलेला असेल तर त्या हक्काची गत नंबर ९ मधल्या त्या घंटेसारखी होते. घंटा भिंतीवर आहे, तपासणीच्या यादीत तिच्यापुढे खूणही आहे, पण तार तोडलेली आहे.

पुन्हा मतदान

अंत्यविधीनंतर याब्लॉन्स्कींच्या साथीदारांनी 'माइनर्स फॉर डेमोक्रसी' ही चळवळ उभी केली. खाणकामगार, त्यांच्या विधवा, तरुण वकील असे लोक. कोर्टात लढाई चालू राहिली. मे १९७२ मध्ये न्यायाधीश विल्यम ब्रायंट यांनी १९६९ची निवडणूक रद्द ठरवली. डिसेंबर १९७२ मध्ये कामगार खात्याच्या देखरेखीखाली नवं मतदान झालं.

बॉइलसमोर उभे होते अर्नोल्ड मिलर. वेस्ट व्हर्जिनियाचे खाणकामगार, स्वतः ब्लॅक लंगचे रोगी. त्यांना सुमारे ७० हजार मतं पडली, बॉइलला ५६ हजार. तीन वर्षांपूर्वी बॉइल ज्या फरकाने जिंकला होता तो तर संपलाच, वर १४ हजारांनी तो हरला.

पुढे काय बदललं? पदाधिकाऱ्यांचे पगार कमी झाले. जिल्हा शाखांत निवडणुका सुरू झाल्या. १९७४ चा करार सभासदांच्या मतदानाला टाकला गेला, आणि त्या करारात धोक्याच्या जागी काम नाकारण्याचा वैयक्तिक हक्क आला. १९६८ साली अमेरिकेच्या कोळसा खाणींत ३११ माणसं मेली होती. १९८० साली १३३. याचं सगळं श्रेय मतपेटीला देणं खोटं ठरेल. कायदा होता, निरीक्षक होते, यंत्रं बदलली होती. पण खाणीच्या तोंडाशी उभं राहून "आज आत जाणार नाही" म्हणणाऱ्या कामगाराच्या पाठीशी कुणीतरी उभं राहणार, हे मतपेटीतून आलं.

आणि खरं सांगायचं तर मिलर काही आदर्श अध्यक्ष ठरले नाहीत. युनियनमध्ये भांडणं झाली, १९७७-७८ चा संप ११० दिवस चालला, १९७९ मध्ये ते पायउतार झाले. निवडणूक चांगला नेता देईलच याची हमी नसते. चुकीचा माणूस रक्त न सांडता बदलता येतो, एवढी मात्र असते. याब्लॉन्स्कींच्या घराकडे पाहिलं की ते किती मोठं आहे ते कळतं.

आपल्याकडे

ही गोष्ट मराठी माणसाला अगदी परकी नाही. १८ जानेवारी १९८२ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचा. पगार, बोनस, बदली कामगार हे प्रश्न होतेच. पण आमच्या वतीने बोलणार कोण, हाही प्रश्न होता. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकच प्रातिनिधिक युनियन मानली जायची, आणि ती सभासद नोंदणीच्या तपासणीवर ठरायची, कामगारांच्या गुप्त मतदानाने नाही. कायद्याने मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे, आणि कामगार दत्ता सामंतांच्या मागे. मतपेटी कधी ठेवलीच गेली नाही.

आणि सुरक्षेचं म्हणाल, तर १९८४ च्या भोपाळनंतर, १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यात सुरक्षा समिती हवी, आणि तिच्यात कामगारांचे आणि व्यवस्थापनाचे प्रतिनिधी समसमान हवेत, असं ठरलं. चांगलं कलम होतं. फक्त वाचताना एक प्रश्न सोबत ठेवा, त्यातला कामगारांचा माणूस कुणी ठरवला?

तर मंडळी, तुमच्यापैकी कुणी प्लांटमध्ये असेल, कुणी वेअरहाउसमध्ये, कुणी एसटीत. पुढच्या वेळी फळ्यावर ते दोन कागद दिसले की दोन्ही वाचा. हेल्मेटची नोटीस तुमचं डोकं वाचवेल. निवडणुकीची नोटीस ठरवेल की हेल्मेट तडकलेलं निघालं तर ते बदलून द्या असं कोण म्हणणार. अर्जाची शेवटची तारीख कुठली, यादीत तुमचं नाव आहे का, मतमोजणी कुणासमोर होणार, एवढ्या तीन गोष्टी बघितल्या तरी पुष्कळ. तार जोडलेली आहे की नाही, ते त्यावरून कळतं.

तुमच्या घरात कुणी गिरणीत, खाणीत, गोदीत काम केलं असेल तर त्यांना एकदा विचारा, तुमच्या युनियनचा पुढारी कोण निवडायचं? उत्तर रेकॉर्ड करून आम्हाला पाठवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि नोटीस वाचा!