रात्री वारंवार लघवीला उठावे लागणे : कारण केवळ वार्धक्य नव्हे

रात्रीच्या झोपेतून लघवीसाठी पुन्हा पुन्हा उठावे लागणे ही उतारवयातील अत्यंत सामान्य तक्रार आहे. वय झाले म्हणजे असे व्हायचेच, या समजुतीने किंवा संकोचामुळे अनेक ज्येष्ठ नागरिक ती डॉक्टरांना सांगत नाहीत. प्रत्यक्षात मधुमेह, हृदयाची दुर्बलता किंवा झोपेतील श्वासरोध यांसारख्या विकारांची ती पहिली खूण असू शकते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक होती. त्यामुळे या तक्रारीचा व्यापही मोठा आहे.

वैद्यकीय परिभाषेत या अवस्थेला ‘नॉक्टुरिया’ म्हणतात. रात्री एकदा उठावे लागणे बहुधा चिंतेचे नसते. मात्र दोन किंवा अधिक वेळा झोप मोडत असल्यास तपासणी करून घेणे इष्ट ठरते.

कारणे कोणती?

तरुण वयात रात्री ‘व्हॅसोप्रेसिन’ हे संप्रेरक अधिक स्रवते आणि मूत्रपिंडे लघवी कमी तयार करतात. वाढत्या वयात हे रात्रीचे नियंत्रण सैल होते. त्याखेरीज कारणांचे तीन मुख्य गट आहेत.

पहिला गट मूत्राशयाशी निगडित आहे. पुरुषांमध्ये प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याने मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर मूत्रमार्गाच्या व ओटीपोटाच्या स्नायूंच्या बळात फरक पडतो. अतिक्रियाशील मूत्राशय, मूत्रमार्गाचा संसर्ग आणि जुनाट बद्धकोष्ठता यांमुळेही थोडी थोडी लघवी वारंवार होते.

दुसऱ्या गटात लघवी मुळातच अधिक तयार होते. अनियंत्रित मधुमेहात साखरेबरोबर पाणीही शरीराबाहेर टाकले जाते. हृदय दुर्बल असल्यास किंवा पायांच्या शिरांमध्ये दोष असल्यास दिवसभर पायांत पाणी साठते. आडवे झाल्यावर ते रक्तात परतते आणि लघवीवाटे निघते. रक्तदाबाच्या काही औषधांनीही पायांना सूज येते.

तिसरा गट झोपेचा आहे. झोपेत श्वास अडत असल्यास हृदयाच्या कप्प्यांवर ताण येतो आणि लघवी वाढवणारे संप्रेरक स्रवते. मोठ्याने घोरणे आणि दिवसा सतत पेंग येणे ही त्याची लक्षणे होत. काही वेळा वेदना किंवा निद्रानाशामुळे जाग आधी येते आणि लघवीची जाणीव नंतर होते.

निदानाची सोपी वाट

नेमके कारण शोधण्यासाठी तीन दिवसांची नोंदवही अतिशय उपयुक्त ठरते. मापाच्या खुणा असलेल्या भांड्यात प्रत्येक वेळची लघवी मोजून वेळेसह लिहावी. प्यायलेले पाणी, चहा आणि झोपेच्या वेळाही नोंदवाव्यात. रात्रीच्या हिशेबात सकाळी उठल्यावरची पहिली लघवी धरावी, झोपण्यापूर्वीची धरू नये. पासष्टीपुढील व्यक्तीत रात्रीचे प्रमाण चोवीस तासांच्या एकूण लघवीच्या एक तृतीयांशाहून अधिक असल्यास रात्री लघवी जास्त तयार होत आहे, असे मानतात. उदाहरणार्थ, एकूण १,५०० मिलिलिटरपैकी रात्रीची लघवी ६०० मिलिलिटर असेल, तर दोष केवळ प्रोस्टेटवर ढकलता येत नाही. सोबत लघवीची, रक्तातील साखरेची आणि मूत्रपिंडाच्या कार्याची तपासणी केली जाते.

काय करावे, काय टाळावे?

झोपण्यापूर्वी दोन ते चार तास द्रवपदार्थ कमी घ्यावेत. संध्याकाळनंतर चहा, कॉफी व मद्य टाळावे. मात्र दिवसाचे पाणी तोडू नये. त्याने निर्जलीकरण, बद्धकोष्ठता व संसर्गाचा धोका वाढतो. आहारातील मीठ कमी करावे. पायांना सूज येत असल्यास दुपारनंतर काही वेळ पाय उंचावर ठेवावेत. लघवी वाढवणाऱ्या गोळीची वेळ बदलल्याने अनेकांना आराम पडतो, परंतु हा बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा. ‘डेस्मोप्रेसिन’ या औषधाने रात्रीची लघवी कमी होते. तथापि वृद्धांमध्ये रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत घटू शकत असल्याने ते रक्ततपासणीच्या देखरेखीखालीच घ्यावे लागते.

सर्वांत मोठा धोका पडण्याचा

झोपेच्या गुंगीत, अंधारात व घाईने उठताना तोल जाऊन खुब्याचे हाड मोडण्याची भीती असते. प्रोस्टेटच्या व रक्तदाबाच्या काही औषधांमुळे एकदम उभे राहताना रक्तदाब घसरतो. म्हणून आधी खाटेच्या कडेवर क्षणभर बसावे. वाटेत मंद दिवा असावा, सैल सतरंज्या नसाव्यात आणि शौचालयात आधाराचा दांडा बसवावा. चालणे कठीण असल्यास खाटेजवळ लघवीचे भांडे ठेवण्यात कमीपणा मानू नये.

तातडीने डॉक्टर केव्हा गाठावा?

लघवीत रक्त दिसणे, लघवी पूर्णपणे अडणे, थंडी वाजून ताप येणे, आडवे होताच धाप लागणे, किंवा अतितहान व घटत्या वजनासह लघवी वाढणे, यांपैकी काहीही आढळल्यास विलंब करू नये. राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमांतर्गत जिल्हा रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी बाह्यरुग्ण सेवेची तरतूद आहे. तेथे जाताना तीन दिवसांची नोंदवही आणि चालू औषधांची यादी सोबत न्यावी.