नऊ महिने पाण्यावर

२०२३ च्या डिसेंबरात ‘सेरेनेड ऑफ द सीज’ नावाचं एक जहाज मायामीहून सुटलं आणि २७४ रात्री समुद्रावर काढून २०२४ च्या सप्टेंबरात परत मायामीला लागलं. ही सफर टिकटॉक आणि इन्स्टाग्रामवर इतकी गाजली की अनेकांनी ती एखाद्या मालिकेसारखी बघितली. केबिन केवढी आहे, कपडे कुठे धुतात, नऊ महिने एकमेकांची तोंडं बघून भांडणं होतात का, घरची आठवण येते का, असे प्रश्न जगभरचे लोक विचारत होते आणि प्रवासी हौसेने उत्तरं देत होते.

नऊ महिने पाण्यावर काढणारी माणसं आमच्या डहाणू-तलासरीतही आहेत. त्यांना हे प्रश्न कुणी विचारत नाही. पावसाळा सरत आला की इथल्या पाड्यांवरून आदिवासी तरुण गुजरातेत वेरावळ, पोरबंदर, मांगरोळ, ओखा या बंदरांकडे निघतात. गुजरातची मासेमारी ऑगस्टच्या मध्याला सुरू होते आणि मे महिन्याच्या अखेरीस बंद होते. दिवस मोजलेत तर ते २९० भरतात. म्हणजे मायामीच्या त्या जगप्रसिद्ध सफरीपेक्षाही पंधरवडाभर जास्त. आमच्याकडे याला कुणी सफर म्हणत नाही. ‘बोटीवर गेलाय’ एवढंच म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला कळतं की हा आता होळीला भेटला तर भेटला, नाहीतर थेट आवणीला.

मला यातला ‘का’ जास्त खुणावतो. डहाणूच्या किनाऱ्यावर मांगेला, माच्छी असे पिढीजात मासेमार समाज आहेत. त्यांचं समुद्रावर जाणं समजतं. पण तलासरी तालुक्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ९० टक्के लोक आदिवासी आहेत आणि त्यांच्यात मोठा भाग वारली समाजाचा आहे. वारलींचं जग म्हणजे डोंगर, भातखाचरं, मोहाची झाडं, ओढे. डहाणूतल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांची मासेमारीच्या जाळ्याची चित्रं जगभर पोचली, पण त्यातलं जाळं गोड्या पाण्यात पडलेलं वाटतं. मग ओढ्यात मासे धरणारी माणसं अरबी समुद्राच्या मध्यावर कशी पोचली?

याचं उत्तर समुद्रात नाही, जमिनीत आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि या भागातलं लाकूड आणि गवत मुंबईच्या आवाक्यात आलं. मुंबईतले घोडे आणि तबेल्यांतल्या म्हशी यांना गवत लागायचं आणि ते डहाणूच्या माळांवरून जायचं. जमिनी सावकारांच्या आणि जमीनदारांच्या हातात गेल्या. वारली स्वतःच्याच जमिनीवर कूळ झाला, मग वेठबिगार झाला. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, नवराबायकोने त्याच्याकडे राबायचं, अशी पद्धत होती. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत.

२३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही, बारा आणे रोज मिळाल्याशिवाय कामावर जायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होते. पुढे पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये या दरासाठी संप झाला. त्या ऑक्टोबरात तलवाडा इथे जमलेल्या वारलींवर पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे ही हकिगत मराठी घरांत पोचली.

वेठ संपली, लग्नगडी सुटला. पण जमिनीचे तुकडे लहान होते आणि पाणी पावसाचं. भात एकदाच. त्यामुळे दिवाळीनंतर हात रिकामे. माणसं वीटभट्ट्यांवर गेली, मिठागरांवर गेली, चिकूच्या वाड्यांत गेली, वापी-उंबरगावच्या कारखान्यांत गेली. याच काळात सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर शिडाच्या होड्या जाऊन इंजिनाच्या बोटी आणि ट्रॉलर आले. बोटी वाढल्या तशी माणसं कमी पडायला लागली. खारवा हा तिथला जुना दर्यावर्दी समाज. त्यांच्यातले बरेच बोटमालक झाले, पण डेकवर राबायला बाहेरून माणसं आणावी लागली. आंध्रच्या श्रीकाकुळममधून लोक आले आणि डहाणू-तलासरीतूनही आले.

यात एक गोष्ट फार नेमकी जुळली. मासेमारी बंद असते ते जून-जुलै हेच आवणीचे महिने. बोट बंदरात ओढली की खलाशी घरी येतो, भात लावतो आणि लावणी उरकली की परत जातो. दोन वेळापत्रकं एकमेकांत दातेरी चाकांसारखी अडकली आहेत. फक्त कापणीला तो नसतो. कापणी बायका आणि म्हातारी माणसं करतात.

भारतीय माणसाने परक्या मालकाच्या जहाजावर महिनोन्‌महिने काढणं नवीन नाही. १८३७ साली टपालाचं कंत्राट मिळवून वाढलेली ‘पी अँड ओ’ ही कंपनी १८४४ पासून हौशी प्रवाशांना भूमध्य समुद्राची सफर घडवू लागली. आजच्या क्रूझची वंशावळ अनेकदा तिथपर्यंत नेली जाते. पुढे याच कंपनीच्या जहाजांवर डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, प्रवाशांच्या जेवणाखाण्याच्या कामाला गोव्याचे ख्रिस्ती आणि खाली कोळशाच्या धगीत पंजाब-सरहद्दीकडची माणसं, अशी वाटणी ठरून गेली. त्यांना ‘लास्कर’ म्हणत. गोऱ्या खलाशापेक्षा त्यांना पगार कितीतरी कमी आणि झोपायला जागाही कमी. तरी एक गोष्ट त्यांच्याकडे होती: कागद. जहाजावर चढण्याआधी करार व्हायचा, नाव लिहिलं जायचं, पगार लिहिला जायचा. आज इतिहासकार लास्करांबद्दल एवढं सांगू शकतात ते याच कागदांच्या जोरावर. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसणारा एक मित्र गेली काही वर्षं मांगरोळच्या बोटीवर आहे. मी पुण्यात कोड लिहितो, तो खेचलेलं जाळं रिकामं करतो. त्याला मी तेच प्रश्न विचारले जे लोक त्या क्रूझवाल्यांना विचारत होते. केबिन? एक आहे, तांडेलच्या चाकामागे. सगळे आळीपाळीने तिथे किंवा डेकवर पडतात. माणसं किती? सात-आठ. त्यात एक तांडेल, एक इंजिन बघणारा, एक भंडारी म्हणजे जेवण करणारा, बाकी खलाशी. एक फेरी पंधरा-वीस दिवसांची. मग बंदरात येऊन मासे उतरवायचे, बर्फ, डिझेल, पाणी भरायचं आणि परत निघायचं. गोडं पाणी पिण्याला आणि शिजवायला, अंघोळ खाऱ्या पाण्याने. जाळं तीन-चार तासांनी ओढावं लागतं, रात्रीही. त्यामुळे झोपेचे तुकडे पडतात. “दिवस कळतो, वार कळत नाही,” तो म्हणाला. वाकटी, माकूळ, राणीमासा निवडून बर्फात रचायचा. यातला बराच माल परदेशी जातो.

आणि कंटाळा? यावर तो हसला. कंटाळा यायला आधी झोप पूर्ण व्हावी लागते.

हंगामाच्या सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी मालक उचल देतो. त्यातून घरचं देणं फिटतं, घराचे पत्रे बदलतात, लग्न होतं. इथे लग्नगड्याची आठवण येतेच, पण दोन्ही एकच आहेत असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. खलाशी मे महिन्यात मोकळा होतो, पुढल्या वर्षी दुसऱ्या बोटीवर जाऊ शकतो, आणि बोटीवरचा पगार गावातल्या मजुरीपेक्षा बरा म्हणूनच जातो. माझ्या मित्राने त्या पैशांतून बहिणीचं नर्सिंगचं शिक्षण केलं. ते स्वातंत्र्य खरं आहे. त्याला भोक आहे ते दुसरीकडे, आणि ते समुद्रातल्या एका न दिसणाऱ्या रेषेत आहे.

कच्छच्या टोकाला सर क्रीक नावाची सुमारे ९६ किलोमीटरची चिखलाळ खाडी आहे. तिच्यातून सीमा कुठून जाते हा वाद कच्छ संस्थान आणि सिंध यांच्यातला. १९१४ साली मुंबई सरकारने एक ठराव करून तो मिटवला. त्या ठरावाचा अर्थ काय यावर १९४७ नंतर दोन देश भांडू लागले. १९६८ साली कच्छच्या रणाचा निवाडा झाला, त्यात ही खाडी राहून गेली. खाडीतली रेषा ठरली नाही म्हणून तिच्यापुढे समुद्रातली रेषाही दोघांनी मिळून कधी आखलेली नाही. जीपीएसच्या पडद्यावर दिसते ती एका बाजूची समजूत. मासे मात्र त्याच पाण्यात जास्त. बोट कुठे न्यायची हे तांडेल ठरवतो, बोट मालकाची असते, आणि पकडले जातात ते सगळेच.

पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाने बोट धरली की खलाशी कराचीला नेले जातात आणि मलीरच्या तुरुंगात ठेवले जातात. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याचं ७३ वं कलम सांगतं की किनाऱ्यालगतच्या आर्थिक क्षेत्रात मासेमारीचा नियम मोडला तर, दोन देशांत तसा करार नसल्यास, कैदेची शिक्षा देता येत नाही. भारताने हा कायदा १९९५ मध्ये आणि पाकिस्तानने १९९७ मध्ये मान्य केला. तरी दोन्ही देशांच्या तुरुंगांत एकमेकांचे मच्छीमार असतात. २००८ च्या करारानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. १ जुलै २०२५ च्या पाकिस्तानच्या यादीत १९३ भारतीय, किंवा भारतीय मानले गेलेले, मच्छीमार होते. २०१८ मध्ये वेरावळहून गेलेले श्रीकाकुळमचे मच्छीमार असेच पकडले गेले आणि त्यातले बहुतेक २०२० च्या जानेवारीत सुटले. ‘थंडेल’ हा तेलुगू सिनेमा त्यांच्यावरूनच सुचला. डहाणू-तलासरीच्या खलाशांवर अजून सिनेमा निघालेला नाही. २०२४ च्या मार्चमध्ये डहाणू तालुक्यातला एक खलाशी कराचीच्या कैदेत वारला. त्याचं शव गावी यायला महिन्याहून जास्त लागला.

शिक्षा अनेकदा काही महिन्यांची असते, पण ती संपली तरी माणूस सुटत नाही, कारण तो भारतीय असल्याची पडताळणी व्हावी लागते. म्हणजे कराचीतून नाव दिल्लीला येतं, दिल्लीहून राज्याकडे, तिथून पोलीस ठाण्याकडे, आणि मग कुणीतरी पाड्यावर येऊन विचारतं, की हा इथलाच का. आमच्या कामात एखादी विनंती ‘पेंडिंग’ दिसली की कुठे अडकली ते दोन मिनिटांत शोधता येतं. इथे नावाचं स्पेलिंग चुकलं, पाड्याचं नाव गावाच्या जागी पडलं, तरी महिने जातात. त्यात बोट गुजरातची आणि माणूस महाराष्ट्राचा. १९६० साली दोन राज्यं झाली तेव्हा उंबरगाव तिकडे गेलं, तलासरी इकडे राहिलं. घरच्यांनी कुठल्या सरकारच्या दारात बसायचं, हा प्रश्न त्या दिवशीच जन्माला आला.

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते डहाणू तालुक्यातल्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. खर्च सुमारे ७६ हजार कोटी. त्याच कार्यक्रमात मासेमारी बोटींवर एक लाख ट्रान्सपाँडर बसवायची योजनाही सुरू झाली. बंदराला इथल्या मासेमारांचा विरोध आहे आणि तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. ट्रान्सपाँडर मात्र चांगली गोष्ट आहे. बोट कुठे आहे ते त्याने कळेल, रेषा जवळ आली की तांडेलला सावध करता येईल. पण ट्रान्सपाँडर बोटीला असतो. बोटीवर कोण आहे ते त्याला ठाऊक नसतं.

म्हणून मला ते लास्करांचे कागद महत्त्वाचे वाटतात. शंभर वर्षांपूर्वी रत्नागिरीचा खलाशी लंडनच्या जहाजावर चढताना त्याचं नाव आणि पगार नोंदला जायचा. आज तलासरीचा मुलगा मांगरोळच्या बोटीवर चढतो तेव्हा व्यवहार अनेकदा तोंडी असतो. प्रत्येक फेरीला खलाशाचं नाव, गाव, पाडा, तालुका, राज्य, पगार आणि उचल एका लेखी करारात नोंदवायची, त्याची एक प्रत बंदरात आणि एक त्याच्या ग्रामपंचायतीत ठेवायची, एवढ्याने रेषा सरकणार नाही. पण यादीत नाव आल्यावर ‘हा इथलाच का’ हे विचारायला महिने लागणार नाहीत. १९४५ मध्ये झरीला जमलेल्यांनीही फार मोठं काही मागितलं नव्हतं. रोज किती, ते आधी ठरवा आणि द्या, एवढंच होतं.

क्रूझचा प्रवासी तिकिटात समुद्र, जेवण, सूर्यास्त विकत घेतो. त्याहून मोठी गोष्ट तिकिटावर छापलेली असते आणि तिच्याकडे त्याचं लक्षही जात नाही: परतीची तारीख. बोटीवर जाणाऱ्याच्या घरी ती तारीख आवणीवरून मोजतात. पाऊस पडतो, राब तयार होतो, आणि पाड्यावरची माणसं रस्त्याकडे बघत राहतात.