टाचेतल्या थेंबाची कुळकथा

शाळेच्या प्रयोगशाळेत गढूळ पाणी निवळून घेण्यापलीकडे ज्याचा फारसा उपयोग आपल्याला ठाऊक नसतो, त्या गाळणकागदावर नवजात अर्भकाच्या टाचेतील रक्ताचे दोन-चार थेंब सुकवून त्यांवरून त्याच्या देहातील संप्रेरकांचा हिशेब मांडण्याची जी रीत आज रूढ झाली आहे, तिचे मूळ शोधू गेल्यास आपण प्रथम नेपल्स येथील शवविच्छेदनाच्या एका मेजापाशी येऊन पोहोचतो.

१८६५ साली लुइजी दे क्रेक्कियो यांनी तेथे जुझेप्पे मार्झो नामक इसमाचे शव तपासले, तेव्हा हयातभर पुरुष म्हणून वावरलेल्या त्या देहात त्यांना गर्भाशय आणि बीजकोश आढळले, व मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथी अवाजवी वाढलेल्या दिसल्या. याचा उलगडा पुष्कळ पुढच्या काळातला. पाट मध्येच बुजला म्हणजे पाणी जसे शेजारच्या वावरात शिरते, तसेच या ग्रंथींत एका विकराच्या अभावी कॉर्टिसॉल सिद्ध होत नाही, सतरा-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हा अर्धवट घडलेला स्टेरॉइड साचतो आणि पुरुषी संप्रेरकांकडे वळतो. मुलीच्या देहावर त्याची खूण जन्मतःच उमटते. मुलगा मात्र दिसायला धडधाकट असतो, आणि दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास देहातील मीठ मूत्रावाटे वाहून गेल्याने अकस्मात दगावू शकतो. १९५० साली बाल्टिमोरच्या लॉसन विल्किन्स यांनी कॉर्टिसोनचा उपचार प्रस्थापित केला. परंतु ज्याचा आजार कोणाला कळलाच नाही, त्याला औषध कोण पाजणार?

कागद आला तो मात्र निराळ्याच घराण्यातून. बफेलो येथील सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट गथ्री यांच्या भाचीला फिनाइलकिटोन्यूरिया जडला होता; त्या व्याधीच्या तपासासाठी त्यांनी १९६०च्या सुमारास वाळलेल्या रक्तठिपक्याची युक्ती काढली. टपालाच्या लखोट्यातून रक्त रवाना करता येते, ही मला त्यातील खरी करामत वाटते. यंत्रे मागाहून कितीही आली. पुढे १९७७ साली सॉन्गया पँग आणि सहकाऱ्यांनी त्याच ठिपक्यातून सतरा-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन मोजण्याची किरणोत्सारी पद्धत प्रसिद्ध केली आणि अलास्कात ती राबवून पाहिली. स्थळ योग्यच होते. कारण अन्यत्र सुमारे पंधरा हजार जन्मांत एकदा आढळणारा अधिवृक्क ग्रंथींचा हा विकार तेथील युपिक लोकांत तीनशेहूनही कमी जन्मांमागे एकदा आढळतो, आणि बर्फाळ मुलखातील दूरदूरच्या वस्त्यांना लखोट्याखेरीज दुसरा मार्ग तरी कोणता होता?

तथापि आकडा हाती आला म्हणजे निवाडा झाला, असे येथे होत नाही. प्रसूतीच्या वेळी सतरा-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक निरोगी बालकाच्या रक्तातही चढलेले असते आणि पहिल्या एक-दोन दिवसांत झपाट्याने उतरते. अकाली जन्मलेल्या वा आजारी अर्भकात ते निष्कारण उंच राहते, आणि आईबापांची झोप उडवणारे खोटे इशारे बहुधा अशाच बालकांचे असतात. म्हणून थेंब साधारणतः चोवीस तासांनंतर घेण्याचा शिरस्ता पडला, मर्यादा वजनागणिक वा गर्भकालागणिक ठरू लागल्या, आणि संशयित ठिपक्याची फेरतपासणी करून अनेक स्टेरॉइडांची परस्पर प्रमाणे पाहण्याची सोयही झाली.

२००८ साली गोव्यात राज्यव्यापी नवजात तपासणी सुरू झाली, तेव्हा हा कागद आपल्या शेजारीच येऊन ठेपला. त्याच्या पत्रकावर जन्मवेळेचा रकाना असतो. पत्रिका मांडायला बसलेल्या जोशीबुवांनीही पहिला प्रश्न तोच विचारला असता. प्रयोगशाळेला मात्र ती वेळ हवी असते, जन्म आणि टाचणी यांमध्ये किती तास लोटले ते मोजण्यासाठी.