बोनसचे व्याकरण

लोणंदच्या बाजारात शेतकऱ्याला कांद्याचा भाव विचारावा आणि दिवाळीच्या तोंडावर आम्हा बँकवाल्यांना बोनसचा. पैकी कांद्याला व्याकरण नाही. तो चढतो, उतरतो आणि रडवतो. बोनसला मात्र चांगले तीन लिंगांचे व्याकरण आहे.

‘बोनस’ हे लॅटिन विशेषण. अर्थ सरळ : चांगला. आपण चांगला, चांगली, चांगले म्हणतो, तसे रोमन लोक बोनस, बोना, बोनम म्हणत. इंग्रजांचे ‘गुड’ सगळ्यांना सरसकट एकच. या बाबतीत साहेबापेक्षा सीझर आपल्याला जवळचा. पोरांचा शाळेतला ‘बोनाफाईड’ दाखलाही याच घराण्यातला. ‘फिदेस’ म्हणजे विश्वास. तो लॅटिनमध्ये स्त्रीलिंगी, म्हणून जोडीला ‘बोना’. आपल्या हिशेबाने ही तृतीया : चांगल्या विश्वासाने.

आता मूळ पाहा. रोममध्ये १८८० साली सापडलेल्या एका पुरातन मातीच्या भांड्यावर हा शब्द ‘द्वेनोस’ असा कोरलेला आहे. पुढे ‘द्व’चा ‘ब’ झाला. यात नवल ते काय? आपणही ‘द्वादश’चे ‘बारा’ केलेच की!

अठराव्या शतकात लंडनच्या शेअरबाजाराने ‘चांगली गोष्ट’ म्हणून हा शब्द उचलला. व्याकरणाने तिथे नपुंसकलिंगी ‘बोनम’ हवे होते. पण पैसे हातात पडताना लिंग कोण तपासतो?

मुंबईच्या गिरण्यांत मात्र या व्याकरणापायी चुली विझल्या. पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजीत मालक महिन्याच्या पगाराइतका बोनस देत. १९२३ सालचा त्यांनी नाकारला आणि १९२४च्या आरंभी सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांची चूल त्याच गिरण्यांवर पेटायची. सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या समितीने निकाल दिला : बोनसवर कामगारांचा हक्क पोचत नाही. म्हणजे बोनस हे मालकाच्या मर्जीचे विशेषण. लावले तर लावले. उपाशी माणसे हात हलवीत कामावर परतली.

विशेषणाला दुसऱ्याचा आधार लागतो, नाम स्वतःच्या पायावर उभे राहते. बोनसचे असे नाम व्हायला १९६५ सालचा कायदा यावा लागला. पुढे किमान दर ८.३३ टक्के ठरला. वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजे तोच एक महिन्याचा पगार!

या विशेषणाची पुढची रूपेही आहेत : ‘मेलिओर’ म्हणजे अधिक चांगला, ‘ऑप्टिमुस’ म्हणजे सर्वांत चांगला. ती कुठल्या पगारपत्रकात आढळली, तर वाचकांनी जरूर कळवावे.