कुठली फाइल कोणाची?

युनिक्स यंत्रणेवर पूर्वी प्रोग्रॅम बसवणे सोपे, काढणे मात्र अवघड असे. ‘मेक इन्स्टॉल’ ही आज्ञा फाइली ठिकठिकाणी टाकून मोकळी होई. कोणती फाइल कोणाची, याची नोंद बहुधा कुठेच उरत नसे. पर्ल भाषेने त्यावर ‘पॅकलिस्ट’ आणली. मॉड्यूल बसवताना त्याच्या फाइलींचे मार्ग या साध्या यादीत लिहिले जातात.

खरी शिस्त आणली ती डेबियन या लिनक्स प्रणालीने. इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये हा प्रकल्प सुरू केला आणि पुढच्याच वर्षी प्रोग्रॅमची पॅकेजे बसवणारे-काढणारे ‘डीपीकेजी’ हे साधन आकाराला आले. प्रत्येक पॅकेजच्या फाइलींची यादी ते जपते. एका पॅकेजच्या फाइलीवर दुसरे पॅकेज आपली फाइल लिहू पाहील, तर डीपीकेजी सहसा काम थांबवते. पॅकेज काढले तरी वापरकर्त्याने बदललेल्या सेटिंगच्या फाइली ते राखून ठेवते. हा विवेक फार मोलाचा. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय भाषांची प्रणाली डेबियनवरच उभी असल्याने ही नोंदपद्धत तिच्याकडे आपसूक आली. पायथॉनमध्ये आज ‘रेकॉर्ड’ नावाची फाइल मार्गाबरोबर सहसा प्रत्येक फाइलीचा हॅशही (आशयावरून काढलेला ठसा) नोंदवते, त्यामुळे नंतर झालेला फेरफार ओळखता येतो.