चेहऱ्यावरच्या केसांसाठी इलेक्ट्रोलिसिस: खपल्या, काळे डाग आणि ‘केस परत आले’ ही भीती

२०१८ मध्ये खारकोपरपर्यंत लोकल आली, २०२४ मध्ये ती उरणला पोहोचली आणि त्याच वर्षी अटल सेतूही सुरू झाला. उलव्यातून नेरूळ, बेलापूर, मुंबई सगळेच जवळ आले. इमारतींबरोबर पार्लर आणि स्किन क्लिनिकही वाढली, आणि ‘चेहऱ्यावरचे केस कायमचे काढा’ ही जाहिरात आता आपल्या घरातल्या बायका-मुलींच्या मोबाइलवर रोज येते. त्यातल्या काही जणी लेसरऐवजी, किंवा लेसर करून कंटाळल्यावर, इलेक्ट्रोलिसिसकडे वळतात. सुईने एकेक केसाचे मूळ जाळण्याची ही पद्धत आहे.

शाळेत आम्हाला हा विषय दुसऱ्या बाजूने भेटतो. आठवी-नववीतली चांगली बोलणारी मुलगी एकदम मागच्या बाकावर जाऊन बसते, ओठांवर ओढणी धरून उत्तर देते. कारण विचारले तर सांगत नाही. मैत्रिणी सांगतात की वर्गात कोणीतरी तिच्या मिशीवरून बोलले. २०२४ मध्ये उत्तर प्रदेश बोर्डाच्या दहावीत राज्यात पहिली आलेल्या मुलीचा फोटो छापून आला, तेव्हा लोकांनी तिचे गुण सोडून ओठावरच्या लवीची चर्चा केली. अशा देशात मुलीने केस काढायचे म्हटले तर तिला नटवी ठरवू नये, एवढे आम्ही पालकांना नेहमी सांगतो.

उपचार सुरू झाल्यावर मात्र दोन तक्रारी हमखास येतात. एक, ‘पैसे गेले, केस परत आले.’ दुसरी, ‘खपल्या धरल्या, आता काळे डाग पडलेत, चेहरा कायमचा बिघडला का?’ दोन्हींची उत्तरे समजून घेण्यासाठी आत काय होते ते आधी पाहू.

सुई आत काय करते

ही पद्धत दीडशे वर्षे जुनी आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईसचे डोळ्यांचे डॉक्टर चार्ल्स मिशेल यांनी १८७५ मध्ये, पापणीचे जे केस आत वळून बुबुळाला टोचतात ते काढण्यासाठी ती वापरल्याचे प्रसिद्ध केले. केसाइतकी बारीक सुई केसाच्या छिद्रातून मुळापर्यंत सरकवायची आणि वीज सोडायची. गॅल्व्हॅनिक प्रकारात या विजेमुळे मुळातल्या पाण्यापासून आणि मिठापासून सोडियम हायड्रॉक्साइड तयार होते. साबण बनवताना वापरतात तोच हा कॉस्टिक सोडा, फक्त कणभर. तो मूळ जाळतो. थर्मोलिसिसमध्ये वीज उष्णता निर्माण करते आणि ब्लेंडमध्ये दोन्ही एकत्र असतात.

केसाचा रंग कोणताही असो, सुईला फरक पडत नाही. लेसरला काळा रंग लागतो, म्हणून पांढऱ्या केसांवर ते चालत नाही. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन इलेक्ट्रोलिसिसला केस ‘कायमचे काढणे’ म्हणते आणि लेसरला ‘कायमची घट’. शिवाय गव्हाळ-सावळ्या रंगाच्या, विशेषतः भारतीय उपखंडातल्या आणि मध्यपूर्वेतल्या बायकांत, लेसरनंतर जबड्याकडेला किंवा मानेवर केस उलट वाढल्याचे त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवले आहे. पण म्हणून इलेक्ट्रोलिसिस झटपट होते असे नाही. ते अतिशय संथ आहे. एका वेळी एक केस, आणि पैसे बहुधा मिनिटांवर.

‘परत आलेले’ केस बहुतेक वेळा नवे असतात

आपल्या हनुवटीवर आज जे केस दिसतात ते सगळे केस नव्हेत. काही मुळे वाढीच्या अवस्थेत असतात, काही झोपलेली असतात. झोपलेली मुळे काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी जागी होतात. त्यात आपल्याकडे आधीची कित्येक वर्षे थ्रेडिंग, वॅक्स, चिमटा असे सगळे झालेले असते. महिनाभरापूर्वी धाग्याने उपटलेला केस अजून त्वचेच्या खाली असतो. सुईवालीला तो दिसलाच नाही, तर ती त्याला जाळणार कशी? दोन-तीन आठवड्यांनी तो वर येतो आणि घरात ओरड होते की सगळे परत आले.

म्हणून इलेक्ट्रोलिसिस चालू असताना थ्रेडिंग आणि वॅक्स बंद ठेवायचे असते. अगदीच नको वाटले तर छोट्या कात्रीने कापावेत. मूळ जागच्या जागी राहिले पाहिजे. पहिल्या दोन-तीन महिन्यांत चेहरा आधीपेक्षा वाईट दिसतो, कारण लपलेले सगळे केस रांगेने बाहेर यायला लागतात. अनेक जणी इथेच सोडून देतात. आमच्या मते पहिल्या दिवशीच तोंडावर सांगायला हवी अशी ही गोष्ट आहे, आणि जाहिरातीत ती कधी नसते.

साधारण वर्ष ते दीड वर्ष नियमित बैठका धराव्यात, काहींना त्याहून जास्त. फायदा होतोय की नाही हे ओळखायच्या दोन खुणा आहेत. पहिली: मूळ नीट जळले असेल तर केस चिमट्यात अलगद निसटून येतो. प्रत्येक केसाला ओढ बसून उपटल्यासारखे दुखत असेल, तर पैसे देऊन फक्त उपटून घेणे चालले आहे. दुसरी: तीन-चार महिन्यांनी तेवढाच भाग साफ करायला लागणारी मिनिटे कमी व्हायला हवीत. वहीत तारीख आणि मिनिटे लिहून ठेवा. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी फोटो काढा, आणि मोबाइलचे ‘ब्युटी’ बटण बंद करा. मुलांची प्रगती आपण रोज आरशात बघून ठरवत नाही, चाचण्यांचे गुण शेजारी मांडून ठरवतो. इथेही तसेच करा.

कातडी भरून येताना

मूळ जाळले म्हणजे आत भाजल्याची बारीक जखम झाली. अर्ध्या तासाच्या बैठकीत अशा डझनावारी जखमा होतात. त्यामुळे त्या दिवशी लाली, थोडी सूज आणि चुणचुण असणारच. ती काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत उतरते. पुढे टाचणीच्या टोकाएवढ्या खपल्या धरतात. आठवडाभर, कधी दहा दिवस राहतात आणि आपोआप गळतात. इथपर्यंत घाबरण्यासारखे काही नाही. खपली हे कातडीने स्वतःवर घातलेले झाकण आहे. ते नखाने काढले की खाली खळगा किंवा डाग राहण्याची शक्यता वाढते.

काळे डाग ही वेगळी गोष्ट. आपल्या रंगाची त्वचा कोणत्याही इजेला रंग वाढवून उत्तर देते. मुरूम गेला तरी त्याची काळी खूण राहते, तसेच हे. हे डाग व्रण नसतात. हात फिरवला तर कातडी सपाट लागते. ते फिके व्हायला काही आठवड्यांपासून कित्येक महिने लागतात, आणि ऊन लागले तर मुदत वाढत जाते. उलव्यासारख्या जागी, जिथे अजून अर्धे रस्ते सावलीविना आहेत, स्टेशनपर्यंत चालतानाही चेहरा तापतो. खपल्या गेल्यावर रोज सनस्क्रीन लावा. रंगाची छटा असलेले, आयर्न ऑक्साइड घातलेले मिळाले तर सावळ्या त्वचेला जास्त उपयोगी. नकाब असला तरी सनस्क्रीन सोडू नये, पातळ कापडातून ऊन आत येते.

नकाबाबद्दल आणखी एक. खपल्यांवर कापड घासते, घाम साचतो, आणि तोच नकाब तीन दिवस वापरला तर जंतूही साचतात. त्या आठवड्यात मऊ सुती नकाब, रोज धुतलेला.

आणि वुजू. पाच वेळा चेहऱ्याला पाणी लागते म्हणून काही बहिणी घाबरतात. स्वच्छ साध्या पाण्याने या जखमांना सहसा काही होत नाही. त्रास होतो तो चोळण्याने. ओंजळीने पाणी ओतावे, घासू नये, स्वच्छ कापडाने टिपून घ्यावे. घरातला सगळ्यांचा एकच टॉवेल नको. जखम चिघळली आणि डॉक्टरांनी पाणी मना केले तर मसह किंवा तयम्मुमचा मसला येतो. त्यात शाफई आणि हनफी मसलकांत फरक आहे. पनवेल-उरण पट्ट्यात कोकणी शाफई आणि हनफी घरे शेजारी-शेजारी राहतात, तेव्हा शेजारणीचे ऐकण्यापेक्षा आपल्या मस्जिदीच्या इमामसाहेबांना विचारावे. केस काढणे मुळात जायज आहे का, हाही प्रश्न दबक्या आवाजात येतो. भुवया कोरण्याबद्दलची मनाई हदीसमध्ये आहे. बाईला दाढी-मिशी उगवली तर ती काढण्याला मात्र इमाम नववी यांनी मुस्तहब म्हटले आहे, आणि हनफी फिकहमध्ये इब्न आबिदीन यांनीही सूट मानली आहे.

खरे नुकसान कुठे होते

आमचे निरीक्षण असे की सुईने जेवढे बिघडत नाही तेवढे नंतरच्या घाईने बिघडते. डाग दिसला की अम्मी लिंबू सांगते, खाला टूथपेस्ट सांगते, कोणी हळद-बेसनाचे उटणे चोळते. लिंबाचा रस लावून उन्हात गेले तर कातडी भाजून आणखी काळी होते. हळद वरणात छान. उघड्या जखमेवर तिनेही काहींना ॲलर्जी येते. जबड्याला आणि मानेला अत्तर लावणेही त्या दिवसांत टाळावे.

सर्वात घातक आहे ती मेडिकलमधून आणलेली ‘गोरे करणारी’ ट्यूब. तिच्यात बरेचदा बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांसारखे स्टिरॉइड असते. आठ दिवसांत चेहरा उजळतो म्हणून ती घरोघर फिरते. पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, मुरूम येतात, आणि ज्यासाठी एवढे सगळे केले ते केसच चेहऱ्यावर वाढतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी नाव सांगितले की ट्यूब हातात पडते. त्वचेच्या डॉक्टरांनी ठरावीक दिवसांसाठी दिली तर गोष्ट वेगळी.

पू, वाढत जाणारे दुखणे, पसरती लाली, ताप यांपैकी काही दिसले तर थांबू नका. वरच्या ओठावर पाण्याच्या फोडांचा घोस आला तर ती नागीण असू शकते. ज्यांना ओठावर असे फोड वरचेवर येतात त्यांनी बैठकीआधीच डॉक्टरांना सांगावे. घरात केलॉइडची, म्हणजे जखमेवर जाड गाठ वाढण्याची प्रवृत्ती असेल, मधुमेह असेल, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, पेसमेकर असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर आधी डॉक्टर, मग सुई. सुई एकदाच वापरायची, बंद पाकिटातली, आपल्यासमोर फोडलेली असावी. हिपॅटायटीस बी आणि सी रक्तातून पसरतात, त्यामुळे हे मागताना संकोच कसला? बाई उपचार करणारी हवी, हेही फोनवरच विचारून घ्यावे.

मूळ कारण तपासले का?

हनुवटी, जबडा, गळा इथे जाड काळे केस आणि सोबत पाळी अनियमित, वजन वाढलेले, मुरूम असे असेल तर पीसीओएस तपासायला हवे. आपल्याकडे सगळे त्याला पीसीओडी म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मूल होण्याच्या वयातल्या ६ ते १३ टक्के स्त्रियांना तो असतो, आणि त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना माहीतच नसते. संप्रेरकांचा तोल बिघडलेलाच राहिला तर जाळलेले मूळ परत येत नाही, पण शेजारची लव जाड केसात बदलत राहते. मग दोन वर्षांनीही काम संपत नाही आणि दोष सुईवर येतो. औषधांचा केसांवर परिणाम दिसायलाही सहा महिने तरी लागतात. थोड्याच महिन्यांत केस झपाट्याने वाढले आणि आवाज घोगरा झाला, तर तपासणी त्याच आठवड्यात करावी. कामोठ्याच्या एमजीएम आणि नेरूळच्या डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचा आणि स्त्रीरोग हे दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत, उलव्यातून दोन्ही जवळ.

लग्न ठरल्यावर धावपळ करणाऱ्यांसाठी हिशेब सरळ आहे. निकाह दोन महिन्यांवर असेल तर नवी सुरुवात करू नका. आधीपासून चालू असेल तर शेवटची बैठक निकाहच्या तीन-चार आठवडे आधी घ्या, आणि मांज्याचे उटणे चेहऱ्यावर लावायचेच असेल तर खपल्या पूर्ण गळलेल्या असू द्या. खळगे राहिले असतील तर त्यावर लगेच दुसरा उपचार सुरू करू नये. आतली कातडी सहा महिने ते वर्षभर स्वतःला भरत असते, आणि त्वचेचे डॉक्टर बहुतेकदा तोवर थांबायलाच सांगतात.