संदेशवहनातील बारदान : कर्नेलच्या स्मृतिव्ययाचा इतिहास

परभणीच्या मोंढ्यात धान्याच्या वजनातून बारदानाचे वजन वजा करतात. संगणकाच्या कर्नेलला ही सवलत नाही. जाळ्यावरून येणाऱ्या प्रत्येक पॅकेटासाठी व प्रत्येक जोडणीसाठी त्याला नोंदी ठेवाव्या लागतात, आणि हे बारदान पुष्कळदा मालाहून जड भरते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील ४.२ बीएसडी या प्रणालीने १९८३ साली ‘एम्बफ’ नावाचे १२८ बाइटांचे कप्पे योजिले. दूरच्या संगणकावर काम करणाराने दाबलेले एकेक अक्षर स्वतंत्र पॅकेटातून जाई. त्यासाठी मोठा कप्पा अडविणे परवडणारे नव्हते. मोठा मजकूर निराळ्या पानांत ठेवीत, व त्याची नक्कल न करता एकच पान अनेकांस वापरू देत. स्मृती स्वस्त झाल्यावर मात्र कप्प्यांची साखळी चाळण्याचा वेळच महाग वाटू लागला. १९९३ साली व्हॅन जेकबसन यांनी सलग कप्प्यांचा पुरस्कार केला. लिनक्सच्या ‘एसके-बफ’चा मूळ घाटही सलगच होता. ६४-बिट यंत्रावर त्याची नुसती नोंद दोनशेहून अधिक बाइट घेते, मग आत एकच अक्षर का असेना !

तथापि खरी कसोटी पॅकेटापेक्षा जोडणीच्या नोंदीत लागली. टीसीपीच्या रीतीप्रमाणे पहिली विनंती येताच सेवा देणारा संगणक अर्धवट जोडणीची नोंद करून उत्तराची वाट पाही. सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या सेवासंस्थेवर खोट्या पत्त्यांच्या विनंत्यांचा वर्षाव झाला. नोंदींची रांग भरली आणि खऱ्या ग्राहकांस दार बंद झाले. पाठविणाऱ्यास विनंती जवळजवळ फुकट, तर भुर्दंड घेणाऱ्यास, असा हा उफराटा व्यवहार होता.

त्याच महिन्यात डॅनियल बर्नस्टाइन यांनी सुचविलेला उपाय कप्पे लहान करण्याचा नव्हता. नोंदच न ठेवण्याचा होता. आवश्यक तेवढी माहिती गुप्त किल्लीच्या साहाय्याने उत्तराच्या ३२-बिट क्रमांकात गुंफावयाची. खरा ग्राहक तो क्रमांक परत करील तेव्हाच त्यावरून नोंद उभी करावयाची. अर्थात ३२ बिटांत सर्व काही मावत नाही. मूळ योजनेत मोठ्या खिडकीसारख्या सवलती गळत व पॅकेटाच्या कमाल आकाराची मोजकीच मूल्ये टिकत. म्हणूनच लिनक्सचा कर्नेल सामान्यतः रांग भरल्यावरच या युक्तीचा आश्रय घेतो.